चिनी सणांचे एक शतक

१ जानेवारी १९१२ रोजी चीनमध्ये प्रजासत्ताक अस्तित्वात आले आणि सरकारी कारभारासाठी ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारण्यात आली. लोकांचे सण मात्र जुन्या पंचांगावरच चालत राहिले. हे पंचांग चांद्र-सौर आहे. ज्या चांद्र महिन्यात सूर्याचे संक्रमण होत नाही तो अधिक धरायचा, हा मराठी पंचांगाचा नियम तिथेही लागू आहे. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. त्यामुळे नववर्ष कधी जानेवारीच्या शेवटी, तर कधी फेब्रुवारीत येते.

सणांचे चक्र बाराव्या महिन्यातच फिरू लागते. उत्तर चीनमध्ये तेविसाव्या तिथीला आणि दक्षिणेत बहुधा चोविसाव्या तिथीला चूलदेवतेला निरोप देतात. चुलीवर वर्षभर चिकटवलेल्या तिच्या कागदी चित्राच्या ओठांना चिकट गोड मिठाई लावतात आणि मग ते चित्र जाळतात. स्वर्गात जाऊन ती घराबद्दल वाईट बोलू नये, हा त्यामागचा हेतू. वर्षाच्या अखेरच्या रात्री सारे कुटुंब एकत्र जेवते आणि पहिल्या पौर्णिमेला कंदील लागतात. एप्रिलच्या चार-पाच तारखेला येणारा छिंगमिंग सूर्याच्या गतीवर ठरतो. त्या दिवशी पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात. पाचव्या महिन्याच्या पंचमीला, म्हणजे त्वानवूला, मिलुओ नदीत जीव देणाऱ्या छ्यू युआन या कवीच्या स्मरणार्थ नौकाशर्यती होतात. घरोघरी पानात बांधून शिजवलेला चिकट भात खाल्ला जातो आणि दाराला औषधी वनस्पतींच्या जुड्या टांगतात. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे मध्यशरद सणाला, चंद्राची पूजा आणि मूनकेक असतात. २०२५ साली ही पौर्णिमा आणि कोजागरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली होती. नवव्या महिन्याची नवमी डोंगर चढण्याची. हिवाळी अयनदिनाला उत्तरेत डंपलिंग, तर दक्षिणेत तांदळाच्या पिठाचे गोळे करतात.

या चक्रात सरकारने पहिला हात घातला तो १९१४ मध्ये. युआन शिकाईच्या राजवटीत 'नववर्ष' हा मान १ जानेवारीकडे गेला आणि जुन्या नववर्षाला 'वसंतोत्सव' हे नाव मिळाले. ती तडजोड होती आणि शहाणपणाची होती. नानकिंगच्या राष्ट्रवादी सरकारने मात्र १९२८ नंतर सरळ बंदीचा मार्ग धरला. जुन्या तिथी छापणाऱ्या पंचांगांना मनाई झाली आणि जुन्या नववर्षाला दुकाने उघडी ठेवण्याचे हुकूम निघाले. लोकांनी ते मानले नाहीत. उधारी चुकती करण्यापासून शेतीच्या कामांपर्यंत सारे व्यवहार त्याच तिथींना बांधलेले होते. १९३४ च्या सुमारास सरकारने सक्ती सोडून दिली.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट सरकारनेही ग्रेगोरियन दिनदर्शिकाच ठेवली, पण वसंतोत्सवाला तीन दिवसांची सुट्टी दिली. खरा आघात सांस्कृतिक क्रांतीत झाला. जानेवारी १९६७ च्या अखेरीस मंत्रिपरिषदेने त्या वर्षीची सुट्टी रद्द केली. चूलदेवता, पूर्वजपूजा, मंदिरांच्या जत्रा हे सारे 'जुने रिवाज' ठरून त्यांच्यावर गदा आली. 'क्रांतिकारी वसंतोत्सव' कामावर राहून साजरा करावा, अशी अपेक्षा होती.

तरीही सणाची ताकद किती असते हे १९७६ च्या छिंगमिंगने दाखवले. पंतप्रधान चौ एन-लाय यांचे ८ जानेवारीला निधन झाले होते. ४ एप्रिलला बीजिंगच्या तियानमेन चौकातील हुतात्मा स्मारकापाशी हजारो लोकांनी त्यांच्यासाठी पुष्पचक्रे वाहिली आणि सत्ताधाऱ्यांवर टीका करणारे मजकूर तिथे लावले. रातोरात सारी पुष्पचक्रे हटवण्यात आली. दुसऱ्या दिवशी संतापलेला जमाव चौकात जमला आणि त्याला बळाने पांगवण्यात आले. आधी प्रतिक्रांतिकारी ठरवलेली ही घटना १९७८ च्या अखेरीस निर्दोष मानली गेली. मृतांचे स्मरण करण्याचा दिवस लोकांच्या मनात इतका पक्का नसता, तर एवढी माणसे हुकमाविना एकत्र आलीच नसती.

पुढे सुधारणांच्या काळात वसंतोत्सव परतला. १९८३ पासून सरकारी दूरचित्रवाणीचा पूर्वसंध्येचा रंगारंग कार्यक्रम घराघरातल्या जेवणाचा भाग झाला. कारखान्यांसाठी शहरांत गेलेले मजूर सणाला गावी परतू लागले आणि चाळीस दिवसांची ती प्रवासाची लाट जगातील सर्वांत मोठी वार्षिक ये-जा मानली जाऊ लागली. बाकीच्या सणांना मात्र सुट्टी नव्हती. ब्रिटिश अमलाखालच्या हाँगकाँगमध्ये ती होती, मुख्य भूमीत नव्हती.

२००५ मध्ये दक्षिण कोरियातील गांगनुंग शहराच्या दानो उत्सवाला युनेस्कोची मान्यता मिळाली आणि आपलाच सण दुसऱ्याच्या नावे गेला, अशी हळहळ चीनमध्ये व्यक्त झाली. दोन्ही उत्सवांचे विधी वेगळे आहेत, तेव्हा ती तक्रार फारशी रास्त नव्हती. परिणाम मात्र चांगला झाला. २००६ मध्ये सहा पारंपरिक सण राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आले. २००८ पासून छिंगमिंग, त्वानवू आणि मध्यशरद या सणांना प्रत्येकी एक दिवसाची सार्वजनिक सुट्टी मिळू लागली. २००९ मध्ये त्वानवू, २०१६ मध्ये चोवीस सौर पर्वे आणि डिसेंबर २०२४ मध्ये वसंतोत्सव युनेस्कोच्या यादीत दाखल झाले. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या पंचांगातील वर्षाच्या अखेरच्या दिवसालाही कायदेशीर सुट्टी लागू झाली आहे.