मोळी पडल्यावर बदललेला नियम

साखर कारखान्यात उसाचा रस आटवून सिरप तयार झालं, की त्याला दोन वाटा असतात. एक साखरेच्या पॅनकडे जाते, दुसरी डिस्टिलरीकडे. कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, एवढाच प्रश्न. 7 डिसेंबर 2023 रोजी तो दिल्लीने सोडवला: चालू इथेनॉल वर्षात रस आणि सिरप डिस्टिलरीला द्यायचं नाही. महाराष्ट्रात तेव्हा मोळी पडून, म्हणजे गाळप सुरू होऊन, महिना उलटला होता.

सरकारचं कारण खोटं नव्हतं. त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला होता, साखर कमी पडण्याची धास्ती होती, लोकसभा निवडणूकही तोंडावर होती. पण 2018च्या जैवइंधन धोरणात रसाच्या इथेनॉलला मोकळीक देणारं, पेट्रोलमध्ये 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य 2030 वरून 2025 वर आणणारं आणि डिस्टिलरीच्या कर्जावर व्याजसवलत देणारंही हेच सरकार. त्या भरवशावर कारखान्यांनी कर्जं काढली. बंदीवर ओरड झाली तेव्हा आठवडाभरात 17 लाख टन साखरेपुरती सूट मिळाली. निर्बंध उठल्याचं जाहीर झालं ते ऑगस्ट 2024 मध्ये, तेही पुढच्या वर्षासाठी. हप्ते कोणासाठी थांबले नाहीत.

कडक नियम उद्योगाला एक वेळ परवडतो, कारण त्याचा खर्च मांडता येतो. डळमळीत नियमाचा हिशेबच लागत नाही. मग संचालक मंडळ ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणून विषय पुढे ढकलतं. साधं सिरप टिकत नाही, म्हणून त्यावरची डिस्टिलरी गाळपाच्या चार-पाच महिन्यांपुरतीच चालते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने सिरप दीर्घकाळ टिकवायचं तंत्र आणलं ते याच अडचणीवर. पण सिरप वापरू देतील की नाही याचीच खात्री नसेल, तर साठवणीच्या टाक्यांत पैसा कोण घालणार?

पैसा वळला मक्याकडे, म्हणजे धान्यापासूनच्या इथेनॉलकडे. सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या धान्यावरही चालाव्यात म्हणून मार्च 2025 मध्ये केंद्राने वेगळी व्याजसवलत योजना आणली. म्हणायला हीही सुधारणाच. मला मात्र त्यात नव्या तंत्रापेक्षा पोळलेल्या माणसाची सावधगिरी जास्त दिसते.

डळमळीत नियमांचं हे दुखणं आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत पवनऊर्जेची करसवलत 2012 अखेर संपणार होती. त्या वर्षी सुमारे 13,000 मेगावॉटच्या पवनचक्क्या घाईघाईने उभ्या राहिल्या. सवलतीला मुदतवाढ मिळाली, पण उशिरा. 2013 मध्ये नवी भर जेमतेम 1,000 मेगावॉटची.

आपल्याकडे दराचाही भरवसा नाही. इथेनॉलचा दर एफआरपीशी (उसाच्या किमान रास्त दराशी) बांधा, ही कारखान्यांची जुनी मागणी आहे. रसाच्या इथेनॉलला 2022-23 मध्ये लिटरला 65 रुपये 61 पैसे ठरले. 2025-26चा हंगाम सुरू झाला तेव्हाही दर तोच होता. उसाची एफआरपी याच काळात टनाला 3,050 वरून 3,550 रुपयांवर गेली.