वेबसाइट बांधायची तर

घर बांधायचे म्हटले की आपण आधी काय करतो? जागा बघतो. घरात माणसे किती, ते मोजतो. चूल कुठे, न्हाणी कुठे, दार कोणत्या बाजूला, हे ठरवतो. मग गवंड्याला बोलावतो. वेबसाइटचेही तसेच आहे.

वेबसाइट म्हणजे मोबाइलवर किंवा संगणकावर उघडणारी पाने. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी तयार केली. १९९१ साली ती सर्वांना खुली झाली. आज आपल्या शेताचा सातबारासुद्धा वेबसाइटवर बघता येतो.

समजा, बदलापूरजवळच्या गावात बायकांचा एक बचत गट आहे. बदलापूरचे जांभूळ नावाजलेले. गटाला वाटले, मध्ये दलाल कशाला? गिऱ्हाइकाने सरळ आपल्यालाच सांगावे. त्यासाठी वेबसाइट काढू. बेत चांगला आहे. पण पैसे मोजण्याआधी पाच गोष्टी ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट, वेबसाइट कोणासाठी? गिऱ्हाईक अंबरनाथचे, उल्हासनगरचे, कल्याणचे. ते लोकलच्या गर्दीत मोबाइल बघणार. म्हणून अक्षर मोठे हवे. फोटो थोडे आणि हलके हवेत. जड फोटोंनी पान उघडायला वेळ लागतो. गिऱ्हाईक कंटाळते आणि दुसरीकडे जाते.

दुसरी गोष्ट, सांगायचे काय? माल कोणता, भाव काय, कधी मिळेल, फोन कुठे करायचा, हे पहिल्याच पानावर हवे. सत्काराचे फोटो मागच्या पानावर चालतील. सगळा मजकूर आधी कागदावर लिहून काढावा.

तिसरी गोष्ट, मांडणी. उल्हासनगर बघा. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली. सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तिथल्या बराकींत राहिली. १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथला पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात, मग सेक्शन, मग बराक नंबर. नवखा माणूसही नेमक्या दारात पोचतो. वेबसाइटही अशीच हवी. मोठा भाग, त्यात लहान भाग, त्यात पान.

चौथी गोष्ट, मालकी. वेबसाइटचा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. तो मुदतीने घ्यावा लागतो. मुदत संपायच्या आत पैसे भरले नाहीत, तर तो हातचा जाऊ शकतो. २०१४ पासून देवनागरीतही पत्ता घेता येतो. त्याच्या शेवटी ‘डॉट भारत’ असते. पत्ता गटाच्याच नावावर नोंदवावा. बांधून देणाऱ्याने तो स्वतःच्या नावावर घेतला आणि उद्या बिनसले, तर? गटाचे नाव गेले, गिऱ्हाईकही गेले. दुसऱ्याच्या सातबारावर कोणी आपली जांभळे लावील काय? पासवर्डही गटातल्या दोघींकडे असावा. बाहेर कोणाला सांगू नये.

पाचवी गोष्ट, राखण. जांभळाचा हंगाम थोड्या दिवसांचा. दिवाळीतही पानावर ‘ताजी जांभळे मिळतील’ असेच राहिले, तर काय होईल? कोणी पैसे पाठवील आणि फसेल. एकदा गेलेला विश्वास परत येत नाही. म्हणून पान वेळच्या वेळी बदलायचे काम एकीवर सोपवावे. भाव बदलला की त्याच दिवशी पान बदलावे.

गिऱ्हाइके पाच-दहाच असतील, तर नुसता फोनही पुरतो. उगाच खर्च करू नये.

सगळे तयार झाले की पारख करावी. शेजारच्या बाईच्या हाती मोबाइल द्यावा. तिला काही सांगू नये. तिला भाव आणि फोन नंबर आपोआप सापडला, तर बांधणी बरोबर झाली. नाही सापडला, तर पुन्हा कागद घ्यावा. कागदावरची रेघ खोडायला पैसे पडत नाहीत.