सेल्फचा आवाज आणि प्लगची ठिणगी
(लेखांक ७)

किल्ली फिरवूनही मोटार सुरू न होण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एकात सेल्फ इंजिन फिरवतच नाही; दुसऱ्यात इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही. हा फरक न पाहता सुटे भाग बदलत राहिले, तर खर्च वाढतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

विजेवर चालणारा सेल्फ चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकच्या १९१२ सालच्या मॉडेलसाठी तयार केला. मोटर काही सेकंदच चालणार असल्याने ती लहान ठेवून तिच्यावर मोठा भार टाकता येतो, हे त्यांनी ओळखले होते. आजचा सेल्फही त्याच तत्त्वावर चालतो, म्हणून तो सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. साध्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह सहज ओढतो. हेडलाइटचा एक बल्ब जेमतेम पाच. ‘लाइट लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ हे अनुमान म्हणूनच फसवे असते.

एवढा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून जात नाही. स्विच सोलेनॉइडला फक्त इशारा देतो, आणि तोही बहुधा रिलेमार्फत. सोलेनॉइड बेंडिक्सचा दातेरी गिअर फ्लायव्हीलकडे ढकलतो आणि तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट जोडून बॅटरीचा प्रवाह मोटरला देतो. भराभर कट्-कट् आवाज आला, तर कॉन्टॅक्ट जुळताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येताच पुन्हा ओढला जातो, असे चक्र चालू असते. त्यात संशय आधी बॅटरीवर आणि टर्मिनलांवर घ्यावा. एकच ठळक ‘खट्’ आणि मग शांतता, हे जळालेल्या कॉन्टॅक्टचे किंवा झिजलेल्या कार्बनचे लक्षण. सेल्फवर हलका ठोका मारून गाडी सुरू झाली, तर कार्बन संपत आले असावेत. ही युक्ती गॅरेज गाठण्यापुरतीच. आवाजच नसेल, तर इशाराच पोहोचत नाही : किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रल स्विच.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे अर्थिंगची पट्टी. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. तिच्या सांध्यात ०.०१ ओहम रोध आला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच वाया जातो. इतका सूक्ष्म रोध साध्या मल्टिमीटरवर धड मोजताही येत नाही. त्यासाठी सेल्फ मारतानाच बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि इंजिनचा धातू यांच्यात व्होल्टेज पाहावे. ते साधारण ०.२ व्होल्टहून जास्त नसावे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. चार्जिंगचा विषय पुढील लेखांकात येईल.

इंजिन फिरूनही पेटत नसेल, तर आधी ठिणगी पाहावी, मग पेट्रोल. कॉइलमधला बारा व्होल्टचा प्रवाह एकाएकी तोडला, की दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडरमध्ये प्रवाह तोडण्याचे काम डेल्कोतील, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधील, पॉइंट करत. कंडेन्सर गेला, की पॉइंट काळे पडत आणि ठिणगी मंदावत असे. पावसाळ्यात डेल्कोच्या तडकलेल्या टोपणात ओल शिरून ठिणगी वाटेतच निसटे.

पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने घेतली, तसा उष्णतेचा दोष पुढे आला. फोर्डने १९८० च्या दशकात अनेक गाड्यांत इग्निशन मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवले. तापले, की ते बंद पडे. गार झाल्यावर गाडी सुरू होई आणि गॅरेजमध्ये दोष सापडत नसे. प्रकरण न्यायालयात गेले. २००० साली कॅलिफोर्नियातील न्यायाधीशांनी कंपनीने दोष दडवल्याचा ठपका ठेवला.

आजच्या गाडीत तीच लक्षणे क्रँक सेन्सर दाखवतो. त्याचा संदेश थांबला, की संगणक ठिणगीही देत नाही आणि इंधनही. तेव्हा प्लग आणि कॉइल बदलण्याआधी, गाडी गरम असतानाच या सेन्सरची तपासणी करून घ्यावी.