कोयता निघण्याआधी

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीच्या जोड्या मुकादमामागे कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याची शाळा तुटते ती बहुधा याच सहा महिन्यांत. त्यामुळे हजेरीपटावर गैरहजेरीची रांग लागल्यावर शिक्षकाने घरी जाण्यात फारसा अर्थ नसतो. जायचं ते मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते तेव्हा.

मूल गावी राहू शकेल का, हे आधी पाहायचं. हंगामी वसतिगृहाची योजना यासाठीच आहे. या योजनेत बऱ्याच ठिकाणी मूल जेवतं शाळेत आणि झोपतं आजीकडे. धडधाकट मुलाचं यात भागतं. पण ज्याला शौचाला उचलून न्यावं लागतं किंवा फिट येते, त्याला सत्तरीच्या आजीने एकटीने कसं सांभाळायचं? इथे ताटाआधी माणूस ठरवावा लागतो. समग्र शिक्षा योजनेत पात्र दिव्यांग मुलांसाठी मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता आहे. चुलती की थोरला चुलतभाऊ, रोज कोण आणणार-नेणार हे नावानिशी ठरलं, तरच तो पैसा मुलाच्या कामी येतो.

विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात, तो रोज येणार नाही. तो येईल त्या दिवशी वर्गशिक्षकाने शिकून घ्यायचं: श्रवणयंत्राची बॅटरी कशी बदलायची, एका वेळी एकच सूचना कशी द्यायची.

मूल आईबापासोबत जाणारच असेल, तर त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं. दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, असं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं. कार्डाला मी आणखी एक कागद जोडेन: मूल काय खुणेने सांगतं, कशाला घाबरतं, कोणती गोळी कधी. नव्या गुरुजींना गुणांपेक्षा हे आधी लागतं.

तीव्र दिव्यांगत्व असेल तर गृहाधारित शिक्षणाचा पर्याय शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने दिला आहे. तो निवडायचा हक्क मुलाचा. शाळेने आपली सोय म्हणून तो पुढे करू नये. उसाच्या फडावरच्या कोपीत त्याचा उपयोगही थोडाच.

राहिलं दिव्यांग प्रमाणपत्र. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षण १८ वर्षांपर्यंत मिळतं. दहावीला लेखनिक, जादा वेळ यांसाठीही हा कागद लागतो. तपासणीला सोबत आईबाप हवेत, म्हणून हे काम पावसाळ्यातच उरकायचं.