वाहनविषयक चित्रपुस्तकांचे सहवाचन आणि बालकाचा भाषाविकास

प्रस्तावना

अक्षरओळख होण्यापूर्वीच बालकाचा पुस्तकाशी परिचय होतो आणि तो चित्रांच्या द्वारे होत असतो. दोन-तीन वर्षांच्या अनेक बालकांचे पहिले आवडते पुस्तक गाड्यांचे असते. बस, ट्रक, ट्रॅक्टर, आगगाडी, विमान यांची चित्रे ती पुन्हा पुन्हा पाहू इच्छितात. अशा पुस्तकात बहुधा कथा नसते, बोधही नसतो. त्यामुळे त्यातून बालकाला काय मिळणार, अशी शंका पालकांना वाटते आणि ते पुस्तक बाजूला ठेवून गोष्टीचे पुस्तक हाती दिले जाते. काही घरांत ‘हे काय? ते काय? रंग कोणता?’ अशा प्रश्नांची सरबत्ती होऊन वाचनाला तोंडी परीक्षेचे रूप येते. वस्तुतः या पुस्तकांचे सामर्थ्य वाहनांची नावे पाठ करून घेण्यात नसून, गतीविषयी बोलण्याची जी संधी ती देतात तिच्यात आहे. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे स्पष्टीकरण केले आहे.

वाहनांचे आकर्षण

बालकांना वाहनांचे वाटणारे आकर्षण हा केवळ घरगुती अनुभवाचा विषय राहिलेला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जूडी डिलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पालकांनी दिलेल्या माहितीनुसार सुमारे एक-तृतीयांश बालकांना एखाद्या विषयाची अतितीव्र आवड असल्याचे आढळले. अशा विषयांत वाहनांचे स्थान ठळक होते आणि या तीव्र आवडीचे प्रमाण मुलींपेक्षा मुलग्यांत बरेच अधिक होते.

या निष्कर्षावरून ‘गाड्यांची पुस्तके मुलग्यांसाठीच’ असा अर्थ मात्र काढता येत नाही. आवड असणे आणि उपयोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर ते मुंबई ‘वंदे भारत’ गाडी चालवली. आगगाडीचे चित्र दाखवताना हे मुलीला आणि मुलग्यालाही सांगण्यासारखे आहे.

नाव सांगण्यापासून संवादाकडे

अनात निनियो आणि जेरोम ब्रूनर यांनी १९७८ मध्ये एका आई-बालकाच्या जोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालक आठ महिन्यांचे असल्यापासून दीड वर्षाचे होईपर्यंतच्या निरीक्षणात पुस्तक पाहण्याचा एक ठरलेला क्रम दिसून आला : लक्ष वेधणे, प्रश्न विचारणे, नाव सांगणे आणि बालकाच्या प्रतिसादाला दाद देणे. या वयात नाव सांगणे आवश्यकच असते. प्रश्न उद्भवतो तो पुढे. बालक वाढते, परंतु प्रौढ व्यक्ती ‘हे काय?’ या पायरीवरच थांबून राहते.

ही पायरी ओलांडण्याचा मार्ग ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडला. साधारणपणे दोन ते तीन वर्षे वयाच्या बालकांच्या पालकांना त्यांनी मोकळे प्रश्न विचारण्यास, बालकाचे बोलणे विस्तारून पुन्हा म्हणण्यास आणि त्याला प्रोत्साहन देण्यास शिकवले. तुलनेसाठी घेतलेल्या गटातील पालकही मुलांना पुस्तके वाचून दाखवतच होते. तरीही अवघ्या एका महिन्यानंतर पहिल्या गटातील बालके भाषिक अभिव्यक्तीत पुढे असल्याचे दिसले. म्हणजे किती वाचले याइतकेच कसे वाचले याला महत्त्व आहे. हे प्रयोग अमेरिकी कुटुंबांवरील असल्याने त्यांचे आकडे जसेच्या तसे इकडे लागू करणे योग्य नव्हे. परंतु त्यांतील पद्धत कोणत्याही घरात अनुसरता येते.

उदाहरणार्थ, नातू चित्रावर बोट ठेवून ‘ट्रक!’ म्हणतो. आजी म्हणते, “हो रे बाळा, भरलेला ट्रक घाट चढतोय.” थोडे थांबून ती विचारते, “आपण मामाकडे गेलो, तेव्हा आपली एसटी घाटात कशी चालली होती?” नातू म्हणतो, “हळू.” आजी पूर्ण करते, “अगदी हळूहळू चढत होती.” येथे एका शब्दाचे वाक्य झाले, चित्राचा अनुभवाशी संबंध जुळला आणि परीक्षा कोठेही झाली नाही.

मराठी भाषेच्या दृष्टीने विचार

वाहनांची बहुतेक नावे मराठीत बाहेरून आलेली आहेत. बस, ट्रक, ट्रॅक्टर हे इंग्रजी शब्द आहेत, तर रिक्षा या शब्दाचे मूळ जपानी आहे. केवळ नावे घोकून घेतल्यास बालकाच्या मराठीत फारशी भर पडत नाही. ही भर पडते ती नावांभोवतीच्या भाषेतून. तिचे तीन प्रकार विशेष लक्षणीय आहेत.

१) लिंग व क्रियापद : ‘ट्रक आला’, ‘बस आली’, ‘विमान आले’ या तीन वाक्यांत मराठीतील तिन्ही लिंगे येतात. निर्जीव वस्तूचे लिंग नियमाने शिकवता येत नाही. ते ऐकून ऐकूनच अंगवळणी पडते. गाड्या येण्याजाण्याचे पुस्तक हा त्याचा सहज सराव होय.

२) क्रियापदांच्या जोड्या : गाडी थांबते, चालक गाडी थांबवतो. गाडी वळते, तो ती वळवतो. प्रवासी उतरतात, हमाल माल उतरवतात. क्रिया आपोआप घडणे आणि कोणी ती घडवून आणणे यांतील भेद मराठी क्रियापदाच्या रूपातच व्यक्त करते. ओढणे, ढकलणे, रुतणे, घसरणे ही क्रियापदेही चित्र समोर असताना चटकन उमगतात.

३) स्थानदर्शक शब्द : बोगद्यातून, पुलावरून, पुलाखालून, फाटकापाशी, इंजिनामागे. आगगाडीच्या एका चित्रावर यांपैकी बहुतेक शब्द वापरता येतात.

पुस्तकांची निवड

गतीविषयी बोलण्यास वाव देणाऱ्या पुस्तकांत अमेरिकी चित्रकार डोनल्ड क्रूज यांच्या दोन पुस्तकांचा उल्लेख करावा लागेल. ‘फ्रेट ट्रेन’ (१९७८) मध्ये मालगाडीचे रंगीत डबे आधी स्थिर दिसतात आणि गाडी वेग घेताच त्यांचे रंग एकमेकांत मिसळू लागतात. ‘ट्रक’ (१९८०) मध्ये तीनचाकी सायकली भरलेला एक लाल मालट्रक लांबचा प्रवास करतो. रस्त्यावरील पाट्या आणि वाहनांवरील अक्षरे वगळता त्यात मजकूरच नाही. दोन्ही पुस्तकांना कॅल्डेकॉट सन्मान (अनुक्रमे १९७९ व १९८१) लाभला आहे.

शब्दविरहित पुस्तकाचे आणखी एक महत्त्व आहे. ज्या आजी-आजोबांना वा आईवडिलांना वाचता येत नाही, तेही त्याचे पूर्ण अधिकाराने वाचन करू शकतात. ट्रक कोठून निघाला, पावसात त्याचे काय झाले, हे ते आपल्या बोलीत सांगू शकतात. अंगणवाडीत येणाऱ्या पालकांच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. पुस्तक उपलब्ध नसल्यास जुन्या वर्तमानपत्रांतील वाहनांची चित्रे जाड कागदावर चिकटवून केलेली वहीदेखील हे काम करू शकते.

पुनरावृत्तीचा प्रश्न

‘पुन्हा तेच पुस्तक?’ ही पालकांची नेहमीची तक्रार असते. या संदर्भात जेसिका हॉर्स्ट व सहकाऱ्यांचा २०११ मधील अभ्यास उद्बोधक आहे. त्यात तीन वर्षांच्या काही बालकांना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा, तर काहींना निरनिराळ्या गोष्टी वाचून दाखवण्यात आल्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले. मात्र तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्यांनी ते अधिक चांगले आत्मसात केले. परिचित पानावर बालकाला आधी काय घडले याचा शोध घ्यावा लागत नाही. त्याचे लक्ष नव्या शब्दाकडे वळते. तेव्हा तेच पुस्तक नाकारण्याऐवजी प्रत्येक वेळी बोलणे थोडे पुढे नेणे अधिक हितावह ठरते.

समारोप

थोडक्यात, वाहनांचे चित्रपुस्तक हे गोष्टीच्या पुस्तकाहून कमी दर्जाचे नाही. त्यात गोष्ट छापलेली नसते, ती दोघांनी मिळून सांगावयाची असते. त्यासाठी प्रौढाने प्रश्न कमी विचारावेत, थांबावे, बालकाचे बोट जेथे आहे तेथून बोलण्यास आरंभ करावा आणि त्याच्या एका शब्दाचे वाक्य करून त्याला परत द्यावे. दिवसातील दहा मिनिटेही यासाठी पुरेशी आहेत. ‘हा ट्रक’ असे म्हणणारे बालक काही महिन्यांनी ‘ट्रक चिखलात रुतला, मग ट्रॅक्टरने ओढला’ असे सांगू लागते, तेव्हा या सहवाचनाचे फलित कानांनी ऐकावयास मिळते.