प्रस्तरारोहण साधनांची निवड

प्रस्तरारोहण साधने म्हणजे कडे, सुळके आणि कातळभिंती चढताना व उतरताना वापरली जाणारी पादत्राणे, शिरस्त्राण, हार्नेस, दोर, कॅराबिनर इत्यादी उपकरणे होत. या साधनांचे वैयक्तिक आणि सामूहिक असे दोन वर्ग पडतात. वैयक्तिक साधने शरीराच्या मापाप्रमाणे निवडावी लागतात. सामूहिक साधनांची निवड त्यांच्यावरील प्रमाणचिन्हे आणि पूर्वीच्या वापराची माहिती पाहून केली जाते. नवोदिताने आधी वैयक्तिक साधने घ्यावीत व दोर सर्वांत शेवटी घ्यावा, असा क्रम सामान्यतः सोयीचा ठरतो.

पार्श्वभूमी

सह्याद्री हा दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकांतून लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले. त्यामुळे येथील कड्यांत कठीण कातळाचे पट्टे आणि ठिसूळ, सच्छिद्र पट्टे आलटून पालटून आढळतात. ठिसूळ थरांतून दगड सुटून खाली येतात. पायथ्याशी घसारा साचतो, तर पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते. म्हणून लोणावळा-खंडाळ्याजवळील नागफणी (ड्यूक्स नोज), तैलबैला, रायगडासमोरील लिंगाणा, जीवधनजवळील वानरलिंगी अशा ठिकाणी प्रस्तरारोहण मुख्यतः पावसाळा सरल्यानंतर, हिवाळ्यात केले जाते. युरोपातील ग्रॅनाइट किंवा चुनखडकासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. साधने निवडताना स्थानिक खडकाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो.

पादत्राणे

कड्याच्या पायथ्यापर्यंतची चाल आणि प्रत्यक्ष चढाई यांसाठी वेगवेगळी पादत्राणे लागतात. चालीसाठी खोल नक्षीचा रबरी तळ उपयुक्त असतो. या तळाचा इतिहास एका दुर्घटनेशी निगडित आहे. इटलीतील पुंता रासिका या शिखरावर १९३५ मध्ये सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्यांचे सहकारी व्हिताले ब्रामानी यांनी त्यानंतर खिळ्यांच्या बुटांना पर्याय म्हणून खाचा असलेला रबरी तळ विकसित केला. १९३७ मध्ये आलेला हा तळ ‘व्हिब्रम’ या नावाने प्रसिद्ध झाला. सह्याद्रीत भटकणारे अनेक जण कॅनव्हासचे हंटर बूट वापरत आले आहेत.

चढाईच्या बुटांचा तळ मात्र गुळगुळीत आणि चिकट रबराचा असतो, कारण नक्षी नसल्यास रबराचा अधिक भाग खडकाला टेकतो. नवोदिताने सरळ आकाराचा, मध्यम कडक तळाचा बूट निवडावा. बेसाल्टच्या बारीक खाचांवर उभे राहताना कडक तळामुळे पोटऱ्यांवरील ताण कमी होतो. टोकाशी खाली वाकलेले बूट ओणव्या भिंतींवरील अवघड चढाईसाठी असतात. सुरुवातीला त्यांचा उपयोग कमी आणि त्रासच जास्त होतो.

बूट घालून पाहताना बोटे पुढच्या टोकाला टेकलेली व किंचित वाकलेली असावीत, पण वेदना होऊ नयेत. टाचेत पोकळी राहू नये. दिवसभराच्या हालचालीने पाय थोडे सुजतात, त्यामुळे माप संध्याकाळी घेणे योग्य. चामड्याचे बूट वापराने सैल होतात, कृत्रिम धाग्याचे त्या मानाने कमी. प्रत्येक उत्पादकाचे मापांक वेगळे असल्याने एका कंपनीच्या मापावरून दुसऱ्या कंपनीचे बूट मागवू नयेत.

शिरस्त्राण

सह्याद्रीत शिरस्त्राण ऐच्छिक मानता येत नाही. चढणाऱ्याइतकाच धोका खाली दोर सांभाळणाऱ्यालाही असतो, कारण सुटलेला दगड त्याच्याच दिशेने येतो. सायकल किंवा मोटारसायकलचे हेल्मेट पर्याय म्हणून चालत नाही. गिर्यारोहणाच्या शिरस्त्राणाची वरून पडणाऱ्या आघातासाठी आणि टोकदार वस्तू आत घुसण्याविरुद्ध चाचणी घेतलेली असते.

कठीण प्लास्टिक कवचाचे आणि हलक्या फोमचे असे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला थोडा जड, पण हाताळणीत टिकाऊ असल्याने नवोदिताला सोयीचा. दुसरा हलका असतो, मात्र पिशवीत दाबला गेल्यास त्याला तडा जाऊ शकतो. हनुवटीचा पट्टा न लावता मान खाली वाकवली तरी शिरस्त्राण डोक्यावरून निसटू नये, ही मापाची सोपी परीक्षा होय.

हार्नेस

हार्नेस म्हणजे कंबर आणि मांड्यांभोवतीचा पट्ट्यांचा संच. त्याचा कंबरपट्टा कटिअस्थींच्या वर बसला पाहिजे आणि आवळल्यावर खाली सरकता कामा नये, अन्यथा उलटे पडल्यास शरीर त्यातून निसटण्याचा धोका असतो. पट्टा व शरीर यांमध्ये सपाट तळहात जाईल एवढीच जागा असावी. मांड्यांचे पट्टे कमीजास्त करता येण्याजोगे असल्यास एकच हार्नेस निरनिराळ्या कपड्यांवर वापरता येतो. शक्य असल्यास दुकानातच काही मिनिटे त्यात लोंबकळून पाहावे. उभे असताना आरामदायक वाटणारा हार्नेस लटकल्यावर मांड्यांत रुतू शकतो.

दोर

पूर्वी दोर ताग-अंबाडीसारख्या वनस्पतिज तंतूंचे असत आणि मोठ्या पतनात ते तुटत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचे दोर आले. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीने आतला गाभा आणि बाहेरचे विणलेले आवरण अशी रचना असलेला दोर तयार केला. आजचे दोर याच रचनेचे असतात.

दोराचे दोन मुख्य प्रकार आहेत. लवचिक (डायनॅमिक) दोर पतनाच्या वेळी ताणला जाऊन आघात शोषतो. स्थिर (स्टॅटिक) दोर फारसा ताणला जात नाही. तो रॅपलिंगसाठी आणि कायम बांधून ठेवण्यासाठी वापरतात. आघाडीवर चढणाऱ्याने स्थिर दोर कधीही वापरू नये.

याचे कारण पतनगुणांकात आहे. पडलेले अंतर भागिले आघात शोषणाऱ्या दोराची लांबी म्हणजे पतनगुणांक होय. दोर सांभाळणाऱ्यापासून ४ मीटर वर गेलेला आरोहक मध्ये कोठेही आधार न लावता पडला, तर तो ८ मीटर पडतो आणि गुणांक २ येतो. हेच ८ मीटरचे पतन २० मीटर दोर बाहेर असताना झाले, तर गुणांक केवळ ०.४ भरतो. म्हणजे सारख्याच उंचीवरून पडूनही धक्का निराळा असतो. लवचिकता नसलेल्या दोरात हा धक्का थेट शरीरावर आणि कातळातील मेखांवर येतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा नायलॉनचा दोर कितीही जाड असला, तरी याच कारणाने निरुपयोगी ठरतो.

कॅराबिनर आणि बिले उपकरणे

कॅराबिनरवर त्याची क्षमता किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलोग्रॅम वजनाइतके बल. सर्वसाधारण कॅराबिनर लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन भार पेलतो, परंतु आडवा ओढला गेल्यास किंवा फाटक उघडे राहिल्यास ही क्षमता सुमारे ७ किलोन्यूटनपर्यंत घटते. म्हणून मुख्य जोडणीसाठी स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर वापरतात. उतरण्यासाठी ‘फिगर ऑफ एट’ हे इंग्रजी आठाच्या आकाराचे उपकरण प्रचलित आहे, पण त्यामुळे दोराला पीळ पडतो. दोर सांभाळायला शिकताना नळीच्या प्रकारचे उपकरण अधिक नियंत्रण देते.

प्रमाणचिन्हे आणि जुनी साधने

साधनांवर युरोपीय ‘सीई’ चिन्ह किंवा १९३२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचे ‘यूआयएए’ चिन्ह असावे. दोरासाठी ईएन ८९२, हार्नेससाठी ईएन १२२७७ आणि शिरस्त्राणासाठी ईएन १२४९२ ही युरोपीय मानके आहेत.

बूट दुसऱ्याने वापरलेले घेण्यास हरकत नसते. दोर, हार्नेस आणि शिरस्त्राण मात्र पूर्वेतिहास ठाऊक नसल्यास घेऊ नये. बॅटरीतील आम्लाचा स्पर्श, उन्हातील दीर्घ साठवण किंवा एखादे मोठे पतन यांच्या खुणा बाहेरून दिसतीलच असे नाही. न वापरलेली धाग्याची साधनेही निर्मितीपासून साधारण १० वर्षांनी बाद करावीत, असे अनेक उत्पादक सांगतात.

नवोदितांसाठी क्रम

सोलापूर जिल्हा बेसाल्टच्याच पठारावर असला, तरी तेथे सह्याद्रीसारखे उंच कडे नाहीत. अशा भागातील नवोदिताचा सराव प्रवासावर अवलंबून राहतो, त्यामुळे संपूर्ण संच एकदम विकत घेणे किफायतशीर ठरत नाही. पहिला खर्च प्रशिक्षणावर करणे हिताचे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४) आणि उत्तरकाशीची नेहरू माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९६५) यांच्या अभ्यासक्रमांत प्रशिक्षणार्थींना मुख्य साधने संस्थेकडून मिळतात. महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्थांच्या शिबिरांतही दोर व कॅराबिनर सामूहिक असतात.

शिबिरात निरनिराळ्या साधनांचा अनुभव घेतल्यावर प्रथम बूट आणि शिरस्त्राण, मग हार्नेस, त्यानंतर एक स्क्रूचा कॅराबिनर व बिले उपकरण असा क्रम ठेवता येतो. बूट व हार्नेस प्रत्यक्ष अंगावर घालून पाहूनच घ्यावेत. स्वतःचा दोर घेण्याची वेळ येते ती आघाडीवर चढण्याचे आणि दोराची तपासणी करण्याचे शिक्षण पूर्ण झाल्यानंतर. तोपर्यंत संस्थेचा, वापराची नोंद ठेवलेला दोर अधिक विश्वासार्ह असतो.