दुसऱ्या नासासंधानाचा निर्णय : चार क्रियापदांचा विचार

नाकाला इष्ट आकार यावा म्हणून केलेली शस्त्रक्रिया मनासारखी झाली नाही, तर ती पुन्हा करावी काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. परंतु शल्यवैद्याने शस्त्र हाती घेण्यापूर्वी रुग्णाने एक वाक्य उच्चारलेले असते. तक्रार कोणती हे त्या वाक्यावरून ठरते, आणि तक्रार ठरल्यावाचून उपाय ठरत नाही. ह्या दृष्टीने प्रस्तुत प्रश्नाला एक भाषिक अंगही आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या निर्णयात त्या अंगाला किती महत्त्व आहे, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

नाकासंबंधी मराठीतील शब्दसंपत्ती विपुल आहे. चाफेकळी, तरतरीत, धारदार, अपरे, बसके, नकटे, फेंदारलेले अशी कितीतरी विशेषणे नित्याच्या बोलण्यात येतात. रूपाची प्रशंसा ‘नाकीडोळी नीटस’ ह्या शब्दांनी होते, अब्रू गेली म्हणजे ‘नाक कापले’ जाते, आणि नकटीच्या लग्नाला तर सतराशे विघ्ने ठेवलेली असतात. ह्या सर्व प्रयोगांचे दोन विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. एक, ते संपूर्ण नाकाविषयी बोलतात, त्याच्या एखाद्या भागाविषयी नव्हे. दुसरे, ते वर्णनाबरोबरच निवाडाही देतात. शल्यवैद्याला नाक वेगळ्या रीतीने पाहावे लागते. दांडीचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, शेंड्याला आकार देणाऱ्या दोन कूर्चा, नाकपुड्यांच्या कडा, मधला पडदा, आणि ह्या सर्वांवरील कातडीची जाडी, इतक्या गोष्टी तो पृथक्पणे तपासतो. रुग्णाच्या मुखी निवाड्याची भाषा असते आणि वैद्याला वर्णनाची भाषा हवी असते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी ही तफावत पुष्कळदा झाकून जाते. दुसरीच्या वेळी ती झाकली गेल्यास हानी होते.

एकदा केलेल्या नाकावर पुन्हा हात ठेवण्याची कल्पना आधुनिक नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात छिन्न नासिकेचा संधानविधी दिला आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन त्या प्रमाणाने गालाची कातडी सोडवावी, ती नाकाच्या जागी जोडावी, आत दोन नळ्या ठेवाव्यात, असा तो क्रम आहे. विधी तेथेच संपत नाही. जखम भरून सांधा जुळल्यावर नाक उणे वाटल्यास ते वाढविण्याचा आणि मांस अधिक झाल्यास ते सम करण्याचा आदेश त्यापुढे येतो. पुण्याची सुप्रसिद्ध हकीकतही ह्याला जुळणारी आहे. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी कैद झाला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यानजीकच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका मराठी कारागिराने कपाळाची कातडी उतरवून त्याला नाक करून दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत प्रसिद्ध झाली. कपाळाशी जोडलेली पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडावयाची आणि त्या वेळी नाकाचे रूप सुधारण्यासाठी आणखी थोडे कापावे लागते, असे त्या वृत्तांतात नमूद आहे. ह्या परंपरेत दुसरा टप्पा हा पहिल्याच्या अपयशाचा पुरावा नव्हता. तो विधीचाच एक भाग होता.

तथापि सुश्रुताचा रुग्ण आणि कावसजी यांच्या बाबतीत उणीव काय आहे ह्याविषयी मतभेदाला जागा नव्हती. नाकच नव्हते. धड असलेल्या नाकाचे केवळ रूप बदलण्याची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. अमेरिकेत जॉन ऑर्लंडो रो याने १८८७ मध्ये नकट्या नाकावरील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. बर्लिनमध्ये जाक जोसेफ याने १८९८ मध्ये मोठ्या नाकापायी लोकांत जाणे टाळणाऱ्या एका पुरुषाचे नाक लहान केले. अशा शस्त्रक्रियेत यशाचे माप शरीरात नसते. ते पाहणाऱ्याच्या मनात असते. म्हणूनच ते माप व्यक्त करणाऱ्या भाषेला येथे विशेष महत्त्व येते. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सामान्यतः शेकडा ५ ते १५ असे सांगितले जाते, आणि असमाधानी असूनही पुन्हा वैद्याकडे न जाणारे ह्या आकड्यात येत नाहीत.

एका उदाहरणाने प्रश्न स्पष्ट होईल. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी एखादी तरुणी वैद्यापुढे बसून ‘नाक वाकडे...’ असा आरंभ करते. ह्या वाक्याचा शेवट मराठीत निदान चार प्रकारे होऊ शकतो : नाक वाकडे दिसते, नाक वाकडे राहिले, नाक वाकडे झाले, नाक वाकडे केले. बोलणारी ही क्रियापदे निवडून वापरते असे नाही. रागाच्या किंवा दुःखाच्या भरात एकाच श्वासात चारही येऊन जातात. पण प्रत्येक क्रियापद वेगळी वस्तुस्थिती सांगते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

‘दिसते’ हे क्रियापद काळ आणि द्रष्टा ह्या दोहोंवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतरची बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते. परंतु उरलेली, विशेषतः शेंड्याची, उतरण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. जाड कातडीच्या नाकात हा काळ आणखी लांबतो. चौथ्या महिन्यात जे वाकडे दिसते ते बाराव्या महिन्यात तसे दिसेलच असे नाही. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी सामान्यतः निदान १२ महिने थांबण्याचा संकेत आहे. पडद्यात रक्त साठणे किंवा जंतुसंसर्ग होणे ह्यांसारख्या प्रसंगी मात्र थांबणेच घातक असते. त्यांवर तत्काळ उपचार करावे लागतात. आता द्रष्ट्याविषयी. आरशातील प्रतिमा उलटी असते. हातभर अंतरावरून मोबाइलने टिपलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षाहून मोठे येते. ह्याही पलीकडे एक गंभीर शक्यता असते. इतरांच्या नजरेस क्वचितच येणाऱ्या दोषाने काहींचे मन दिवसाचे कित्येक तास व्यापलेले असते. एन्रिको मोर्सेल्ली ह्या इटालियन वैद्याने १८९१ मध्ये ह्या विकाराला नाव दिले आणि आज तो मानसिक विकारांच्या वर्गीकरणात मान्यता पावला आहे. अशा व्यक्तीला शस्त्रक्रियेने समाधान क्वचितच लाभते. एक दोष सरला की मन दुसऱ्यावर जाऊन बसते. तिला मानसोपचाराने व योग्य औषधाने गुण येऊ शकतो. येथे ‘दिसते’ हे क्रियापद खोटे नसते. पण ज्यावर शस्त्र चालवावे असे काही त्याच्यामागे नसते.

‘राहिले’ ह्या क्रियापदात पूर्वस्थितीचा निर्देश आहे. वाकडेपणा आधी होता, तो पुरता गेला नाही. दांडीवरचा उंचवटा थोडा शिल्लक उरणे किंवा पडद्याची वक्रता कायम असणे ही ह्याची नित्याची उदाहरणे होत. पूर्वीची छायाचित्रे समोर ठेवली म्हणजे हा पक्ष लवकर निश्चित होतो. कधीकधी चेहऱ्याच्या दोन बाजूच मुळात विषम असतात आणि सरळ नाकही त्यांत सरळ भासत नाही, हेही अशा वेळी ध्यानात येते. उरलेले काढून टाकण्याचे काम हे नाहीशा झालेल्या वस्तूची भर घालण्याच्या कामापेक्षा सामान्यतः सोपे असते.

‘झाले’ ह्या क्रियापदाने कर्त्याचा उल्लेख न करता बदल सांगितला जातो, आणि शरीराच्या बाबतीत तो प्रयोग पुष्कळदा यथार्थ असतो. जखम भरताना बनणारा वण आखडतो. त्या ओढीने नाकपुडीची कड वर चढते किंवा शेंडा एका अंगाला कलतो. शेंड्याच्या वरच्या बाजूस वण साठून नाकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक येतो. आधार दुर्बळ झाल्यास दांडी खचते, आणि हे बदल वर्षानुवर्षे चालू राहू शकतात.

‘केले’ ह्या क्रियापदाला कर्ता लागतो. कूर्चा किंवा हाड प्रमाणाबाहेर काढले गेले असल्यास हे क्रियापद वस्तुतः खरे असते. मात्र ह्यात दोन प्रश्नांची गल्लत होते. दोष कोणाचा हा एक प्रश्न आणि आता काय करणे शक्य आहे हा दुसरा. पहिल्याला स्वतंत्र मार्ग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे. दुसऱ्याला रागाचा उपयोग नाही. त्याला पहिल्या शस्त्रक्रियेच्या लेखी टिपणाचा उपयोग आहे. काय काढले, काय ठेवले, पडद्याची कूर्चा वापरली की नाही, हे त्या टिपणावरून कळते. संबंध तुटण्यापूर्वी ते टिपण मिळविणे रुग्णाच्या हिताचे असते.

चारही क्रियापदांचा कर्ता वा कर्म नाकच आहे. परंतु एक तक्रार अशी आहे की जिच्यात नाक हे पदच येत नाही : ‘श्वास कोंडतो.’ शेंड्याच्या बाजूंचा आधार गेल्यास श्वास आत घेताना नाकाच्या भिंती आत ओढल्या जातात व वाट अरुंद होते. रूपाच्या चिंतेत ही तक्रार रुग्णाकडून आपण होऊन पुष्कळदा सांगितली जात नाही. ती विचारावी लागते. रूपाविषयीचा निर्णय कोणताही होवो, ह्या तक्रारीची तपासणी स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

आता नव्या शस्त्रक्रियेच्या नावाचा विचार करू जाता, प्रचारातील शब्द भ्रामक असल्याचे आढळते. ‘दुय्यम शस्त्रक्रिया’ असे भाषांतर केल्यास मराठी वाचकाला ती गौण किंवा किरकोळ वाटते, कारण दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचे. वस्तुस्थिती उलट आहे. एकदा उलगडलेल्या कातडीखाली वणामुळे थर ओळखू येत नाहीत. रक्तपुरवठा आधीच दुखावलेला असतो, आणि तंबाखू सेवन करणाऱ्यांत तो अधिकच अपुरा पडतो. आधारासाठी पडद्याची कूर्चा उरलेली नसल्यास कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. बरगडीची कूर्चा विपुल मिळते. पण ती पुढे वाकू शकते, छातीवर वण राहतो आणि फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा थोडासा धोका असतो. ‘दुरुस्ती’ हा शब्दही फसवा आहे. घड्याळ दुरुस्त झाले म्हणजे ते पूर्ववत चालते. नाक मात्र पूर्ववत होत नाही, ते तिसरेच नाक होते. ह्या दोन्ही शब्दांपेक्षा ‘पुनर्नासासंधान’ हा शब्द उच्चारायला जड असला तरी अधिक प्रामाणिक आहे. तो कामाचे मोलही कमी करीत नाही आणि पूर्वस्थितीचे आश्वासनही देत नाही.

रुग्णाच्या क्रियापदांची चिकित्सा केली, तशी वैद्याच्या क्रियापदांचीही करावी लागते. ‘होईल’, ‘करता येईल’ आणि ‘प्रयत्न करता येईल’ ह्या तीन उत्तरांत फार अंतर आहे, आणि ऐकणाऱ्याच्या आशेने ते अंतर सहज पुसले जाते. ह्या संदर्भात सुश्रुताचे शब्द पुन्हा पाहण्यासारखे आहेत. अधिक झालेले मांस सम करण्यासंबंधी तेथे ‘कुर्यात्’, म्हणजे ‘करावे’, असे क्रियापद आहे. उणे नाक वाढविण्यासंबंधी मात्र ‘यतेत’, म्हणजे ‘यत्न करावा’, असे आहे. ह्या भेदात छंदाच्या गरजेचा वाटा असणे अशक्य नाही. तरीही आजच्या शल्यशास्त्राचा अनुभव त्याला दुजोरा देतो : अधिक असलेले काढता येते, गेलेले आणण्याचा प्रयत्न करता येतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेला संमती देण्यापूर्वी आपली तक्रार ‘दिसते’, ‘राहिले’, ‘झाले’ आणि ‘केले’ ह्यांपैकी कोठे बसते हे रुग्णाने ठरवावे, आणि मिळालेले उत्तर ‘कुर्यात्’चे आहे की ‘यतेत’चे हे वैद्याला विचारून घ्यावे. ज्या वेळी ह्या दोन प्रश्नांची उत्तरे निश्चित नसतात, त्या वेळी थांबणे हाही एक निर्णयच असतो.